लाभम, रेंडू, मूडू, नालुगू

आमच्या अम्मानं जन्मात कधी 'एक' म्हणून मोजायला सुरुवात केली नाही. भाकऱ्या असोत, सुताच्या कांड्या असोत, नाही तर गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी असोत, पहिला आकडा 'लाभम'. मग रेंडू, मूडू, नालुगू, म्हणजे आमच्या तेलुगूत दोन, तीन, चार. मराठी घरांतही धान्य मापताना पहिल्या पायलीला 'लाभ' म्हणतात, पण ते मापापुरतं. अम्मा सगळ्यालाच म्हणायची. 'एकट्याला मोजू नये, ते एकटंच राहतं,' हे तिचं म्हणणं. शाळेत पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी मला पाटीवरच्या रेघा मोजायला सांगितल्या, मी मोठ्यानं 'लाभम' म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. घरी येऊन रडले तर माझा मोठा भाऊ सीनू म्हणाला, मला पण हसले होते, पण मी तरी अजून तसंच म्हणतो. तो खरंच तसंच म्हणायचा. गोट्या खेळतानासुद्धा.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर म्हणजे पुढे दोन खोल्या आणि मागे मागांची शेड. मध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीला कान लावायची कधी गरज पडली नाही. शेडमध्ये चार यंत्रमाग. दिवसपाळी आणि रातपाळी, खटक-खटक, खटक-खटक. आम्हाला तो आवाज ऐकूच यायचा नाही, इतका तो अंगवळणी पडलेला. नवे पाहुणे आले की सगळं ओरडून बोलायचे आणि आम्हाला हसू यायचं, कारण आम्ही हळूच बोलायचो. ओठ बघून कळायचं. आजही समोरचा बोलताना मी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघते. सुना म्हणतात, तुम्ही फार रोखून बघता. त्यांना काय सांगायचं.

माग थांबायचे ते आठवड्याच्या सुटीला, नाही तर वीज गेल्यावर. वीज गेली की सगळ्या पेठेचेच माग एकदम गप्प व्हायचे, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. पण भर पाळीत एखाद्याच घरचे माग थांबले, की आमच्या गल्लीत त्याचा एकच अर्थ होता: त्या घरात कुणीतरी गेलं. सांगायला माणूस पाठवावा लागत नसे. ती शांतताच घरोघर जायची, आणि बायका हातातलं काम टाकून पदर सावरत निघायच्या. तापानं फणफणलेला असला तरी कुणी उगीच माग बंद करायचा नाही, अपशकुन मानायचे.

आम्ही वडिलांना नायना म्हणायचो. नायना कमी बोलणारे, आणि जे बोलायचे ते मागाबद्दल किंवा जेवणाबद्दल. जेवणात त्यांना रोज पच्चीपुलुसू लागायचं. म्हणजे चिंचेचं न शिजवलेलं सार, वर कच्चा कांदा चिरून, हिरवी मिरची भाजून चुरडून. सोबत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. पंगतीतलं पक्वान्न खाऊन आले तरी घरी येऊन वाटीभर पुलुसू प्यायचे आणि मगच पोट भरलं म्हणायचे. सीनू त्यांच्यावरच गेला होता. बापलेक समोरासमोर बसून भुरके मारायचे, आणि एवढी एकच गोष्ट दोघं मिळून आवाज करत करायचे.

सीनूला एक खोड होती. हात रिकामे राहायचे नाहीत. ताटावर, कांड्यांच्या पेटीवर, झोपलेल्या माझ्या पाठीवर, जे सापडेल त्यावर बोटं बडवायची. मॅट्रिक झाल्यावर नायनांनी त्याला शेडमध्ये दारालगतच्या मागावर उभा केला. तो काम चांगलं करायचा, हे नायनाही नाकारायचे नाहीत. मग त्याला मुंबईला यंत्रांचा कोर्स करायला पाठवलं, परत येऊन घरचे माग त्यानंच दुरुस्त करावेत म्हणून. कोर्स राहिला बाजूला. तिकडे त्याला तीन पोरं भेटली, गिटारवाली, इंग्रजी गाणी करणारी, आणि हा त्यांचा ड्रम वाजवू लागला. तसं त्यानं पोस्टकार्डावर सरळ लिहून कळवलं. पोस्टकार्ड आमच्या हाती येण्याआधी पोस्टमनला आणि निम्म्या गल्लीला कळलं होतं. नायनांनी ते वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी लतीफचाचा म्हणून एक विणकर होते, त्यांना सीनूच्या मागावर उभं केलं. संपलं. घरात त्याचं नाव काढायचं नाही असं कुणी सांगितलं नाही, पण अम्मा नाव काढू लागली की नायना ताटावरून उठायचे. भाकरी टाकून उठणारा माणूस अम्माला बघवायचा नाही, म्हणून ती गप्प झाली.

अम्मा दिवसभर चरख्याशी बसून कांड्या भरायची. सीनू गेल्यावर ती मोजताना अडखळायला लागली. लाभम म्हणायची आणि थांबायची. मग मी शेजारून 'रेंडू' म्हणायचे, की ती पुढे सरकायची. तिला काय होत होतं ते मला त्या वयातही कळत होतं, आणि तिला धीर द्यायचा सोडून मी चिडायचे, कारण मलाही तो हवा होता. माझ्याशी भांडायला घरात दुसरं होतंच कोण?

असं वर्ष-सव्वा वर्ष गेलं असेल. एके दिवशी दुपारी टपालानं एक चौकोनी पुडकं आलं. आत पुठ्ठ्याचे दोन तुकडे, त्यांच्यामध्ये एक छोटी तबकडी. चिठ्ठी नाही. पाकिटावर चार पोरं एका पत्र्याच्या शेडपुढे उभी, केस वाढलेले, आखूड पँटी, गळ्यात टाय आणि पायात स्लिपर. चौथा आमचा सीनू. हसत नव्हता. त्या पोरांत कुणीच हसत नव्हतं. न हसणं ही तेव्हाची नवी फॅशन होती, असं पुढे कळलं. बँडचं नाव 'टिन रूफ'. दोन बाजूंना मिळून चार गाणी. अम्मानं तो फोटो पदरानं पुसला आणि म्हणाली, 'वाळलाय की गं.'

रेकॉर्ड-प्लेअर घरात होता. सीनूनंच जुन्या बाजारातून बंद पडलेला आणून चालू केलेला, सुटकेससारखा झाकणाचा. तो गेल्यापासून पलंगाखाली पडून होता. नायना शेडमध्ये होते. मी तो ओढून काढला, बटण वर्षभराच्या धुळीसकट फिरवलं आणि सुई ठेवली. मागांच्या खटखटीत काहीच ऐकू येईना, म्हणून आम्ही दोघी पालथ्या पडून स्पीकरला कान लावला. आधी खरखर. मग एक जाड, ओढल्यासारखा आवाज: 'लाभम, रेंडू, मूडू, नालुगू.' आणि त्यामागून गिटारींचा नुसता गदारोळ.

अम्मा उठून बसली. तिचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. मी सुई उचलून परत मागे ठेवली. परत तेच चार शब्द. गाणारा कुणी दुसराच पोरगा होता, तो इंग्रजीत काय म्हणत होता त्याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नव्हतं. ड्रम वाजवणारा गाण्याआधी आकडे मोजून देतो, तेवढाच काय तो सीनूचा आवाज. मुंबईत, इंग्रजी गाण्याला, तीन परक्या पोरांना त्यानं आमच्या घरच्या मोजणीनं सुरुवात करून दिली होती. त्या पोरांना वाटलं असेल, काहीतरी मजेशीर शब्द आहे.

मग अम्मा म्हणाली, 'आजारी आहे तो.'

मला वाटलं, आनंदानं काहीही बोलते आहे. पण ती खरंच घाबरली होती. सीनूचा आवाज असा नाही, तो पातळ आहे, कोवळा आहे. हा आवाज बसलेला आहे, घसा धरलाय, छातीत कफ आहे, म्हणूनच फोटोत वाळलेला दिसतो. मी परत लावलं, परत ऐकलं, आणि मलाही तसंच वाटू लागलं. आवाज खरंच जड होता. तापातून उठलेला माणूस बोलतो तसा.

यानंतर जे झालं ते आमच्या अम्मासारख्या बाईलाच सुचेल. त्या संध्याकाळपासून तिनं घरातलं आंबट बंद केलं. घसा बसलेल्यानं आंबट खाऊ नये. तो मुंबईत काय खातो ते हिच्या हातात नव्हतं, म्हणून हिनं इथे बंद केलं. आईनं पाळलेलं पथ्य लेकराला लागतं अशी तिची श्रद्धा. चिंचेची बरणी माळ्यावर गेली. पच्चीपुलुसूच्या जागी मुगाचं मिळमिळीत वरण आलं. रोज दुपारी नायना शेडमध्ये गेले की आम्ही तबकडी लावायचो, ते चार शब्द ऐकायचो, सुई उचलायची, परत ठेवायची. रोज अम्मा विचारायची, आज जरा बरा वाटतो का गं? जसं काही तबकडीतला माणूस औषधानं सुधारणार होता. मी म्हणायचे, नाही, तसाच आहे. सुटीच्या दिवशी माग बंद असायचे, घर शांत असायचं, पण नायना पुढच्या खोलीत बसलेले असायचे. तेव्हा तबकडी काढायची सोय नव्हती.

नायनांनी पहिल्या दिवशी वरण मुकाट गिळलं. दुसऱ्या दिवशीही. मग एक दिवस ताटाकडे बघत विचारलं, चिंच संपली का? अम्मा म्हणाली, नाही. मग? अम्मानं आणखी एक पळी वरण वाढलं. ते म्हणाले, माणसानं काय जेवायचं ते तरी सांगा. तेव्हा ती एकदम रडायलाच लागली आणि म्हणाली, 'सीनूचा घसा बसलाय. तुम्हाला आंबट सुचतंय.'

त्याचं नाव इतक्या दिवसांनी घरात असं मोठ्यानं आलं. मला वाटलं, आता ताट सरकवणार. नायना उठले नाहीत. त्यांनी विचारलं, तुला कुणी सांगितलं? मग सगळंच बाहेर आलं: पुडकं, तबकडी, रोजची दुपार. नायना ऐकत होते आणि वरणात बोट फिरवत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, ते यंत्र माग चालू असताना लावता ना? मी हो म्हणाले. ते हात धुऊन शेडमध्ये निघून गेले. पुढे दोन-तीन दिवस तेच. अम्माचं वरण चालू, नायनांचं गिळणं चालू.

मग एका दुपारी आम्ही पालथ्या पडून ऐकत असताना कानाला काहीतरी झालं. दडा बसलेला कान एकदम मोकळा होतो ना, तसं. मागच्या शेडमधला एक माग थांबला. मग दुसरा. मग तिसरा, चौथा. भिंतीवरचा बल्ब, जो नेहमी हळदीसारखा पिवळा जळायचा, तो पांढरा झाला. भिंतीपलीकडे लतीफचाचा विचारताना ऐकू आले, 'क्या हुआ सेट, मागां कायकू बंद करे?' आणि नायना दारात येऊन उभे राहिले. खांद्यावर पंचा, केसांत कापसाचे तंतू. माझ्याकडे बघून म्हणाले, 'आता लाव.'

मी सुई ठेवली. घाईत ती घसरली, म्हणून सुरुवातीलाच एक ओरखडा पडला, तो अजून आहे. मग आमच्या त्या शांत घरात सीनू बोलला. स्वच्छ, पातळ, थोडा घाईत, गल्लीत खेळताना बोलायचा तसा. लाभम, रेंडू, मूडू, नालुगू.

नायना म्हणाले, 'मोटर दमलीय. पोरगा नाही. घरची वायर शेडवरनं ओढलेली आहे. माग चालले की हिला वीज पुरत नाही, तबकडी हळू फिरते, आवाज बसतो. त्याला काही झालेलं नाही.' मागाच्या मोटरीबद्दल बोलावं तसं सगळं बोलले. आणि मग, 'लाभम म्हणाला,' असं स्वतःशीच म्हणाले. 'परत लाव.'

मी परत लावली. आणि तेवढ्यात दारात मालनमावशी. समोर राहायची ती. मूळची बार्शीकडची, नवरा गिरणीत. डोक्यावर पदर, डोळ्यांत पाणी तयार. तिच्यामागे आणखी दोघी, त्यांच्यामागे कोपऱ्यावरचा किराणावाला, दुकानाची फळी तशीच उघडी टाकून आलेला. बघता बघता दार भरलं. मावशीनं अम्माला बघितलं, मला बघितलं, नायनांना उभं बघितलं आणि गोंधळून विचारलं, 'कोन गेलं गं मग?' कुणीतरी हळूच म्हणालं, सीनू असंल. मुंबईहून तार आली असंल. ते ऐकून अम्मानं हंबरडाच फोडला, म्हणजे आलेल्या सगळ्यांची खात्री पटली. मागे कुणीतरी बाई गळा काढू लागली.

नायनांसारख्या माणसावर अशी वेळ. अख्खी गल्ली दारात रडते आहे आणि माग आपणच बंद केलेत. ते पुढे झाले, हात वर केले आणि म्हणाले, 'कोणी गेलं नाही. आमच्या सीनूचं गाणं आलंय. ते ऐकायला माग बंद केले.'

आमच्या सीनूचं, म्हणाले. अम्मानं डोळे पुसायचे सोडून त्यांच्याकडे बघितलं. मावशी म्हणाली, 'मग आमाला बी ऐकवा की. येवढं पळत आलोय.' आता नाही कसं म्हणणार? मी तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत लावली, पहिल्यांदाच. चार शब्द झाले, आणि मग ती तिघं पोरं इंग्रजीत जी काय बोंब मारत होती ती, तबकडीच्या दोन्ही बाजूंची, गल्लीनं उभ्यानं, मान हलवत, शेवटपर्यंत ऐकली. किराणावाल्यानं मत दिलं, आवाज मोठा आहे. लतीफचाचा म्हणाले, ड्रम अच्छा है, ताल बराबर है. नायनांनी मान डोलावली, लतीफचाचांचं माप पटल्यासारखी. त्या रात्री चिंचेची बरणी माळ्यावरून खाली आली.

नंतर नायनांनी मला पोस्टकार्ड आणायला लावलं आणि सांगितलं, लिही: उन्हाळ्यात ये. एवढंच. सीनू आला. केस तसेच, जरा भरलेला. बापलेक समोरासमोर बसले, भुरके मारले, मागाच्या पट्ट्याबद्दल बोलले. तबकडीचं नावही नायनांनी काढलं नाही. फक्त जेवायला बसण्याआधी शेडमध्ये जाऊन माग बंद करून आले आणि म्हणाले, जेवताना कटकट नको. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. सीनूला काही कळेना. स्टेशनवर त्याला सोडायला गेले तेव्हा मी सगळं सांगितलं. गाडी हलली तरी तो खिडकीच्या गजावर बोटं वाजवत होता.

त्यांचा बँड पुढे टिकला नाही. ती एक छोटी तबकडी, तेवढंच. सीनू मुंबईतच राहिला, वाद्यांच्या दुकानात लागला, वर्षातून एकदा यायचा, चार दिवस राहायचा. अम्माला चार दिवस कसे पुरणार? म्हणून तबकडी चालूच राहिली. अम्मा फक्त तेवढीच जागा ऐकायची. गाणं सुरू झालं की सुई उचल म्हणायची. परवा माझ्या नातवानं मोबाइलवर ती गाणी शोधून काढली. कुणीतरी हौशीनं टाकली आहेत, स्वच्छ करून. पण स्वच्छ करताना सुरुवात कापून टाकली आहे. गाणं थेट गिटारीनं सुरू होतं. आमची तबकडी कपाटात आहे. तिच्यावर चारही गाणी आजही कोरी करकरीत आहेत आणि पहिलं बोटभर अंतर पांढरं पडलंय. सुई तिथे ठेवली तर नुसती खरखर येते. ऐकून ऐकून आम्हीच तो आवाज संपवला.

पण नायना असेतो तो शाबूत होता. नायनांना एक सवय लागून गेली होती. दुपारी अधूनमधून, मनात आलं की, चारही माग बंद करायचे. काम वाया जातं म्हणून स्वतःच कुरकुर करायचे आणि तरी करायचे. मी समजायचे आणि तबकडी लावायचे. अम्मा चरखा थांबवायची. सुरुवातीला गल्लीतली माणसं दचकायची, मग हसायची, मग सवयीची झाली. आमचे माग थांबले की बायका म्हणायच्या, सीनू बोलतोय. निवडायचं सूप घेऊन उंबऱ्यावर यायच्या, ऐकून परत जायच्या.

नायना गेले ते असेच, दुपारी, शेडमध्ये, सीनूच्या मागाला टेकून बसले आणि उठले नाहीत. लतीफचाचांनी एकेक करून माग बंद केले आणि सीनूला तार करायला पोस्टात धावले. बल्ब पांढरा झाला. अम्मा नायनांच्या उशाशी बसली होती, तिला रडूही येत नव्हतं. मी पुढच्या खोलीत येऊन दार उघडलं, आता माणसं येतील म्हणून. गल्लीत कुणीच नव्हतं. कोपऱ्यावर किराणावाला गिऱ्हाईकाशी बोलत होता. पोरं गोट्या खेळत होती. बऱ्याच वेळानं समोरून मालनमावशी आली. हातात सूप, सुपात निवडायची ज्वारी. नेहमीसारखी उंबऱ्यावर बसली, दोन-चार खडे वेचले, वाट बघितली, आणि मग मान वर करून म्हणाली,

'का गं, आज गानं लावलं न्हाईस?'